लाकडाची भट्टी बांधताना : दार नीट तर धंदा नीट

पाव, टोस्ट आणि नानखटाई यांचा लहान धंदा घरच्या घरी सुरू करायचा असेल तर भट्टी कशी बांधावी, अशी विचारणा आमच्याकडे अनेक बंधू करतात. विचारणारांत मुंबईच्या बेकऱ्यांत वर्षानुवर्षे राबलेले कारागीर पुष्कळ आहेत. त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ज्या मालकांना जमले त्यांनी नवी भट्टी बसवली, काहींनी माणसे कमी केली, आणि हाताशी कसब असलेले अनेकजण गावाकडे परतले.

असाच एक कारागीर मावळातल्या वडिवळे गावी परत आला. नाणे मावळातले हे गाव धरणामुळे सर्वांना माहीत आहे. कामशेतचा बाजार जवळ, लोणावळ्याची गिऱ्हाइकीही फार लांब नाही. घरामागे जागा होती. साठवलेले थोडे पैसे होते, उरलेले मेहुण्याने हातउसने दिले. आम्ही त्याच्या मदतीला गेलो आणि घाई केली. जुलैत भट्टी उभी केली, लोखंडी दाराला आतून साध्या सिमेंट-वाळूचा दोन इंची थर दिला आणि चौथ्याच दिवशी मोठा जाळ घातला. तासाभरात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. दाराच्या अस्तराचा ताटाएवढा तुकडा उडून समोरच्या भिंतीवर आदळला. पीठ मळणारा मुलगा दोन हात बाजूला होता म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका वयस्क भट्टी-मिस्त्रींना बोलावले. त्यांनी तुकडा हातात घेऊन कुस्करला आणि विचारले, "बेटा, सिमेंट भरलंस ना?" कारागीर म्हणाला, "हो चाचा, दुकानात सगळ्यांत चांगलं तेच मिळालं." चाचा म्हणाले, "घराला चांगलं ते भट्टीला चांगलं नसतं. आणि पावसात भट्टी भिजते, तशीच पेटवायची नसते." त्या दोन वाक्यांत आमची चूक पुरती सामावली होती. ती इतरांनी करू नये म्हणून हा पाठ मांडत आहोत.

सिमेंट का फुटले?

याला दोन कारणे आहेत. पहिले पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा मागते. अस्तर ओले असताना जाळ वाढवला तर ही वाफ बाहेर पडायला वाट शोधते. वाट मिळाली नाही तर अस्तर फोडून बाहेर येते. दुसरे कारण खुद्द सिमेंट. आपले बांधकामाचे सिमेंट घट्ट होताना त्यात चुना तयार होतो. ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला हा चुना विघटित होतो, आणि भट्टी थंड झाल्यावर हवेतला दमटपणा पिऊन पुन्हा फुगतो. मावळच्या हवेत दमटपणाला तोटा नाही. म्हणून असे अस्तर एकदम फुटले नाही तरी महिन्या-दोन महिन्यांत भुगा होऊन पिठात पडू लागते.

भट्टीसाठी कास्टेबल नावाचे तयार मिश्रण मिळते. त्यात भाजलेल्या मातीची खडी आणि वेगळ्या जातीचे, ॲल्युमिनायुक्त सिमेंट असते. ते उष्णता सहन करते. मात्र गोणी जुनी असेल, आत खडे झाले असतील, तर घेऊ नये. दमट हवेत उघडी राहिलेली गोणी बाद समजावी.

आगीत टिकणे वेगळे, उष्णता अडवणे वेगळे

येथे पुष्कळांची फसगत होते. जी वस्तू आगीत टिकते ती उष्णता अडवतेच असे नाही. भरीव फायरब्रिक हजार अंशांवर टिकते, पण तिच्यातून उष्णता आरामात पलीकडे जाते. उलट सिरॅमिक वूलसारखी पोकळ वस्तू उष्णता अडवते, पण लाकडाचा धक्का लागला की फाटते. म्हणून दोघांना एकत्र कामाला लावावे लागते. आत भरीव थर ठेवावा, त्यामागे पोकळ थर ठेवावा, आणि बाहेर लोखंड.

आकड्यांत पाहू. भट्टीचे तोंड ४५० मिलिमीटर रुंद व ३५० मिलिमीटर उंच आहे आणि आतली उष्णता ४५० अंश आहे असे धरा. आमच्या हिशेबाने ढोबळमानाने असे येते :

१. तोंड उघडे ठेवले तर नुसत्या झळेने सुमारे २.३ किलोवॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजे हजार वॉटच्या दोन शेगड्या रस्त्यावर तोंड करून लावल्यासारखे झाले.

२. नुसत्या पत्र्याचे दार लावले तर सव्वा ते दीड किलोवॉट जाते, आणि पत्रा ३०० अंशांच्या आसपास तापतो. हात लागला की कातडी सोलून निघते.

३. पत्र्यामागे ५० मिलिमीटर भरीव कास्टेबल भरले तरी सुमारे अर्धा किलोवॉट जाते. पत्रा हात भाजण्याइतका तापलेलाच राहतो.

४. ५० मिलिमीटर कास्टेबल आणि त्यामागे २५ मिलिमीटर सिरॅमिक वूल दिले तर सुमारे २०० वॉट जाते. पत्रा १३० अंशांच्या आसपास येतो. तोही चटका देतोच, म्हणून मुठीला लाकडी दांडा हवा.

तिसऱ्या आणि चौथ्या दारात फरक फक्त एक इंच लोकरीचा आहे, पण उष्णतेचा तोटा निम्म्याहून कमी होतो.

भट्टीचे माप

घरगुती धंद्याला आतून १,२०० मिलिमीटर खोल, ९०० मिलिमीटर रुंद आणि मध्यावर ५५० मिलिमीटर उंच भट्टी पुरते. बाजूची भिंत १०० मिलिमीटर सरळ उचलावी आणि त्यावर ४५० मिलिमीटर त्रिज्येची अर्धगोल डाट टाकावी. तोंडाची उंची आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, हा जुना अनुभवाचा नियम आहे. ५५० ला ती सुमारे ३५० येते. तोंड याहून उंच ठेवले तर उष्णता पळते, बुटके ठेवले तर हवा खेळत नाही व धूर कोंडतो.

अशा भट्टीला २३० × ११५ × ७५ मिलिमीटर मापाच्या फायरब्रिक लागतात : जमिनीला सुमारे ४०, बाजू व डाटेला ११०, पुढच्या-मागच्या भिंतींना ४०. तोंडाची चौकट व तूटफूट धरून २२० आणाव्यात. एका विटेचे वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे साधारण ९०० किलो माल होतो. विटेवर आयएस ६ किंवा आयएस ८ हे मानक आहे का ते दुकानदाराला विचारावे. बेकरीच्या भट्टीला आयएस ६ ची वीट पुरते. जुन्या कारखान्याच्या मोडलेल्या विटा स्वस्त मिळतात, पण त्यांना रसायन किंवा धातूचा मळ चिकटलेला असतो. अन्नाच्या भट्टीत अशा विटा वापरू नयेत.

बांधण्याचा क्रम

काम दिवाळीनंतर सुरू करावे आणि मेच्या आत सुकवून संपवावे. मावळात हा नियम मोडून चालत नाही.

पाया : जमिनीपासून निदान दोन फूट उंच जोते घ्यावे, म्हणजे पावसाचा ओलावा वर चढत नाही आणि कारागिराची कंबरही वाचते. जोत्यासाठी काळा दगड चालतो, पण आगीच्या बाजूला दगड लावू नये. नदीतला ओला दगड तापला की फुटतो.

जमिनीखालचा थर : जोत्यावर चार ते सहा इंच भाताच्या तुसाची राख दाबून भरावी. मावळात इंद्रायणी भात पिकतो, गिरणीवर तूस मिळते. ही राख उष्णता उत्तम अडवते. भरताना तोंडाला मास्क बांधावा, कारण तिची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. राखेवर फरशीसारखी एक साधी वीट आणि त्यावर वाळू-मातीचा पातळ थर देऊन फायरब्रिक कोरड्या बसवाव्यात. जमिनीच्या विटांना मसाला लावू नये. उद्या एखादी वीट फुटली तर तेवढीच काढून बदलता येते.

भिंत व डाट : मसाला फायर क्ले आणि भाजलेल्या विटेच्या बारीक भुकटीचा करावा. सांधा दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. गवंड्याला घराच्या विटेची सवय असते, तो अर्धा इंच मसाला टाकतो. त्याला आधीच सांगावे. डाटेसाठी लाकडी फर्मा करून त्यावर विटा रचाव्यात. सरळ वीट वापरली तर डाटेच्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ पाऊण इंची फट पडते. त्यात नुसता मसाला न भरता विटेच्या चिपा ठोकून बसवाव्यात. डाटेची निमुळती वीट मिळाली तर फारच उत्तम.

डाट नेहमी बाजूंना ढकलते. म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगल उभे करून त्यांना वरून व खालून सळईने आवळावे. आमच्या पाहण्यात अनेक भट्ट्या आगीने गेल्या नाहीत, डाट पसरल्याने गेल्या.

वरचे पांघरूण : डाटेवर दोन इंच सिरॅमिक वूल किंवा सहा ते आठ इंच तुसाची राख, त्यावर साधी वीट व गिलावा. सगळ्यावर पत्र्याची शेड हवीच. धुराडे तोंडाच्या पुढे, बाहेरच्या बाजूला घ्यावे. डाटेत मध्यभागी भोक पाडले तर उष्णता त्याच वाटेने निघून जाते.

एक गोष्ट आजच करून ठेवावी. बाजूच्या भिंतीत, जमिनीलगत, एक विटेएवढी जागा मसाल्याविना कोरडी बसवावी. उद्या आपल्या भागातही लाकडावर निर्बंध आला तर ती वीट काढून तेथे गॅसचा बर्नर लावता येईल. भट्टी मोडावी लागणार नाही, भांडवल बुडणार नाही.

दार

१. चौकट : ५० × ५० × ६ मिलिमीटर अँगलची चौकट करावी. ती विटांत घट्ट रुतवू नये. लोखंड विटेच्या दुप्पट फुगते. सुमारे ५५० मिलिमीटर लोखंड ३०० अंशांनी तापले तर जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. जागा नसली तर ते विटा फोडते. म्हणून चौकटीभोवती तीन-चार मिलिमीटर फट ठेवून तीत सिरॅमिक दोरी भरावी.

२. पत्रा : चार मिलिमीटर जाड, ५५० × ४५० मिलिमीटर. तोंडाच्या चारी बाजूंनी ५० मिलिमीटर बाहेर येतो.

३. अँकर : पत्र्याला आतून इंग्रजी व्ही आकाराचे स्टेनलेस स्टीलचे काटे दर १०० ते १२५ मिलिमीटरवर वेल्ड करावेत. काट्यांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळावी. ती जळून गेली की टोकांना फुगायला जागा मिळते. हे काटे नसतील तर अस्तर पत्र्यापासून सुटणार हे ठरलेले.

४. थर : काट्यांमधून २५ मिलिमीटर सिरॅमिक वूल बसवून त्यावर प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर वूल कास्टेबलचे पाणी शोषून घेते. मग ४३० × ३३० मिलिमीटरचा लाकडी साचा ठेवून ५० मिलिमीटर भरीव कास्टेबल भरावे. त्याला सुमारे १५ किलो सुके मिश्रण लागते. साचा आतल्या बाजूला १० मिलिमीटर निमुळता ठेवावा, म्हणजे दार फिरताना अस्तर चौकटीला घासणार नाही.

५. पाणी : गोणीवर लिहिले असेल तेवढेच, पिण्यायोग्य पाणी मोजून घालावे. मिश्रण हातात दाबले तर गोळा व्हावा, बोटांतून गळू नये. पातळ केले तर भरायला सोपे जाते, पण सुकल्यावर पोकळ राहते.

६. सुकवणे : पहिले २४ तास ओल्या गोणपाटाखाली, पुढे निदान दोन-तीन दिवस सावलीत. मगच आगीजवळ.

७. बिजागऱ्या : हे दार २५ किलोच्या आसपास भरते. घराच्या दाराच्या बिजागऱ्या चालणार नाहीत. लोहाराकडून जाड सळईच्या कराव्यात. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये काचतंतूची दोरी लावावी. जुन्या बाजारात ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्त मिळते. ती घेऊ नका. तिच्या तंतूंनी फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. सिरॅमिक वूल कापतानाही मास्क व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

पहिला जाळ

बांधकाम झाल्यावर भट्टी निदान तीन आठवडे वाऱ्यावर सुकू द्यावी. मग पाच ते सात दिवस रोज लहान जाळ. पहिल्या दोन दिवशी आतली उष्णता १०० ते १२० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. पुढे रोज ५० ते ७० अंश वाढवावेत, आणि एका तासात २५ ते ३० अंशांपेक्षा जास्त नाही. ओल गेली की नाही हे पाहण्यासाठी तोंडाजवळ थंड आरसा धरावा. आरशावर वाफ जमली तर अजून पाणी आहे, थांबावे. चांगली पेटलेली भट्टी ओळखण्याची खूण जुने भट्टीवाले जाणतात : डाट आधी काजळीने काळी होते, मग काजळी जळून पुन्हा स्वच्छ दिसू लागते.

लाकूड

हिरवट लाकूड स्वस्त वाटते पण महाग पडते. निम्मे पाणी असलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे २,००० किलोकॅलरी मिळतात, तर २० टक्के ओलाव्याच्या सुक्या लाकडातून सुमारे ३,५००. म्हणून पावसाळ्याचे लाकूड मार्चमध्येच फोडून शेडखाली रचावे. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड व जुन्या फर्निचरचे तुकडे भट्टीत घालू नयेत. त्यांचा विषारी धूर पावाला लागतो. सुबाभूळ, निलगिरी घ्यावी. आंबा, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, किंजळ यांसारखी झाडे तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. विकणाऱ्याकडे ती आहे का हे विचारणे खरेदीदाराच्याच हिताचे. अन्नपदार्थाची नोंदणी, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडील चौकशीही पाया खणण्याआधी करावी.

आता लाकडाचा हिशेब. ९०० किलो वीट सरासरी २५० अंशांनी तापवायला सुमारे ५०,००० किलोकॅलरी लागतात. लाकडाच्या उष्णतेपैकी ४० टक्के विटेत गेली असे धरले तर थंड भट्टीला ३५ ते ४० किलो सुके लाकूड लागेल. पण रात्री पांघरूण व दार नीट असेल आणि सकाळी वीट १५० अंशांवर टिकलेली असेल, तर जवळपास निम्म्यात काम होते. नफा असा रात्री, भट्टी बंद असताना जमतो. म्हणून रोज किती किलो लाकूड आले आणि किती पाव निघाले हे वहीत लिहावे. वही नसेल तर भट्टी खाते की पोसते हे कळत नाही.

एक इशारा

पावसाळ्यात ऊब मिळते म्हणून पोरे भट्टीच्या खोलीत झोपतात. निखारे आत असताना दार घट्ट लावले आणि खोलीही बंद असली तर कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. निखारे पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दार बंद करू नये, आणि भट्टीच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये, मग तो कितीही थकलेला असो.

वडिवळ्याच्या कारागिराने पावसाळाभर भट्टी झाकून ठेवली. मधले चार महिने तो कामशेतला दुसऱ्याच्या दुकानात राबला. नोव्हेंबरात चाचांच्या देखरेखीखाली दार नव्याने भरले, भट्टी सात दिवस हळूहळू तापवली आणि आठव्या दिवशी पहिली नानखटाई काढली. रमजानपर्यंत हात बसला, आणि त्या महिन्याच्या विक्रीतून मेहुण्याचे पैसे फिटू लागले. फुटलेल्या अस्तराचा तो तुकडा त्याने टाकला नाही. पिठाच्या पिंपावर झाकणाला वजन म्हणून ठेवला आहे. नवा पोरगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो.